बिराजदार मॅडमचं सरावाचं खळं

महानंदा बिराजदार मॅडमची आणि माझी ओळख माझ्या रडण्यानं झाली. तेही दुःखाचं रडणं नव्हतं, रागाचं होतं.

मी तेव्हा तंत्रनिकेतनाच्या शेवटच्या वर्षाला होते. सास्तूरहून एसटीनं यायचे. निम्मा दिवस प्रवासात जायचा आणि उरलेला डुलक्या खाण्यात. मॅडम आम्हाला एक नवाच विषय शिकवत होत्या. ज्यांना आमचा धंदा ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. हल्ली कंपनीला सर्व्हर हवा असला तर कुणी खोकं फोडून तारा जोडत बसत नाही. काय काय हवं ते कोडमध्ये लिहायचं, आज्ञा द्यायची, की दूरच्या कुठल्यातरी डेटा सेंटरमध्ये सर्व्हर, नेटवर्क, डेटाबेस सगळं आपोआप उभं राहतं. दुसरी आज्ञा दिली की तेवढ्याच मुकाट्यानं सगळं पुसलंही जातं. नवख्या पोरांच्या हातात हे खरंखुरं द्यायचं म्हणजे जिवाला घोर. मॅडमनी त्यावर तोड काढली होती. प्रत्येकाला त्याच्याच कॉम्प्युटरवर एक छोटं, खोटं डेटा सेंटर मांडून द्यायचं. तिथं हवं ते उभारा, हवं ते पाडा, जगात कुणाचं काही बिघडत नाही. सगळे त्याला सँडबॉक्स म्हणतात, मॅडम खळं म्हणायच्या. "मळणीपुरतं खळं करायचं, काम झालं की त्यावर नांगर फिरवायचा. तसंच हे," एवढंच त्यांनी समजावलं, आणि आम्हा शेतकऱ्यांच्या पोरांना ते लगेच कळलं.

तेव्हा नियम असा होता की आपल्या खळ्याला आपल्या गावाचं नाव द्यायचं. वर्गभर मग "सोनारी उभी राहिली", "मुरुम पडलं" असा कल्ला चालायचा आणि पोरं फिदीफिदी हसायची. माझी पाळी आली. "रेखा, सास्तूर पाडून दाखव," मॅडम म्हणाल्या. सास्तूर भूकंपात एकदा खरंच पडलेलं. मी भूकंपानंतरची. पण आमच्या घरात त्या पहाटेबद्दल अजूनही कुणी बोलत नाही, आणि जिला मी कधी पाहिलं नाही त्या माझ्या थोरल्या बहिणीचा फोटो देवघराशेजारी टांगलेला आहे. मी उठले, बाहेर गेले आणि पाण्याच्या टाकीपाशी उभी राहून रडले. मॅडमचा मला भयंकर राग आला होता.

मॅडम मागोमाग आल्या. माफी वगैरे काही मागितली नाही, पाठीवरून हातही फिरवला नाही. माझ्या शेजारी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या रानाला काय म्हणता?"

"चिंचेचं रान."

"मंग तेच नाव दे. गावाची नावं आजपास्नं बंद."

दुसऱ्या दिवशी वर्गातल्या सगळ्या खळ्यांची नावं बदललेली. सोनारीच्या प्रकाशच्या खळ्याचं नाव झालं खालची पट्टी, कुणाचं माळाचं वावर, कुणाचं विहिरीकडचं. का बदललं ते मॅडमनी वर्गाला सांगितलं नाही, नवी नावं द्यायला सांगताना माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मी त्या दिवसापासून त्यांची झाले. निवृत्त होईपर्यंत त्यांच्या वर्गात पुन्हा कुठलंही गाव पडलं नाही.

मॅडम मूळच्या मुरुमच्या. वडिलांची बाजारपेठेत आडत होती. घरात कानडी, दुकानात मराठी, आणि जुन्या गिऱ्हाइकांशी बोलताना निजामाच्या काळातली उर्दू, अशा तिन्ही भाषा त्यांच्या जिभेवर आहेत. रागावल्या की मराठी, हरल्या की कानडी. एखाद्या पोरानं महिनाभर समजावलेलं परीक्षेत विसरून ठेवलं की त्या हात झटकून "इरली बिडू" म्हणायच्या, म्हणजे असू दे, सोड. हे ऐकलं की आमचा जीव भांड्यात पडायचा, कारण आता मॅडम पुन्हा पहिल्यापासून शिकवणार हे ठरलेलं असायचं. यजमान लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेले. मूलबाळ नाही. त्या विषयावर त्यांनी आम्हाला कधी बोलू दिलं नाही, म्हणून मीही इथं जास्त लिहीत नाही.

त्यांच्या कामाची पद्धत मात्र सांगायलाच हवी, कारण ती मी दुसरीकडं कुठं पाहिली नाही. कुठलीही आज्ञा देण्याआधी आपण कुठं उभे आहोत ते मोठ्यानं म्हणायचं. "कुठं हाईस?" मॅडम वर्गाच्या पार टोकाहून विचारायच्या. "चिंचेच्या रानात, मॅडम." "मंग चालू दे." मनातल्या मनात म्हटलेलं चालायचं नाही. मान हलवलेली तर मुळीच नाही. तोंडानं सांगेपर्यंत बटणाला हात लावायचा नाही.

यामागं त्यांची स्वतःची चूक होती, आणि ती त्या दरवर्षी पहिल्याच तासाला सांगायच्या. एकदा त्यांनी पडद्यावर दोन खिडक्या उघड्या ठेवल्या होत्या, एक खळ्याची आणि एक संस्थेच्या खऱ्या यंत्रणेची. आपण खळ्यात आहोत अशा समजुतीत त्यांनी पाडायची आज्ञा दिली, आणि हजेरीपासून निकालापर्यंत सगळं ज्यावर चालायचं तेच गेलं. दुसरं कुणी असतं तर लाइट गेली, मशीन बिघडलं म्हणून मोकळं झालं असतं. आपल्याकडं ते खपूनही जातं. मॅडम उठल्या, प्राचार्यांच्या खोलीत गेल्या आणि म्हणाल्या, "सर, म्या पाडलं." मग आधी खळ्यात सगळं पुन्हा उभारून बघितलं, तिथं नीट उभं राहिलं तेव्हाच खऱ्यात उभारलं आणि राखून ठेवलेल्या प्रतीवरून माहिती परत भरली. ही गोष्ट सांगून झाली की त्या वर्गाला विचारायच्या, "हे कुणी केलं?" आणि स्वतःच हात वर करायच्या. पोरं हसायची, त्याही हसायच्या. खोटं बोलू नका हे त्यांनी आम्हाला एकदाही तोंडानं शिकवलं नाही.

प्रकाश आता हैदराबादला मोठ्या हुद्द्यावर आहे. तो सांगतो की अजूनही आज्ञा देण्याआधी तो मोठ्यानं जागा सांगतो आणि शेजारच्या टेबलावरचे लोक त्याला जरा हललेला समजतात. मला तसं समजणारंही कुणी नाही. आईच्या दुखण्यासाठी मी पुण्याची खोली सोडून सास्तूरला आले, कंपनीनं घरून काम करू दिलं, आणि आई गेल्यावरही मी इथंच राहिले. दिवसभर पडद्यावर चेहरे दिसतात, कानात आवाज येतात, आणि लॅपटॉप मिटला की घरात चिमण्यांचा तेवढा आवाज. गावातली माणसं भली आहेत. भेटल्यावर "कॉम्पुटरचं चाललंय व्हय?" असं विचारतात, आणि मी व्हय म्हणते. त्यापलीकडं आमचं बोलणं जात नाही. दिवसभर काय उभारलं, काय पडलं, कशानं डोकं पिकलं, हे सांगावं असं माणूस या पंचक्रोशीत नाही. ही तक्रार नव्हे. पण पुढं जे सांगायचंय ते मला का बोचलं हे त्याशिवाय कळणार नाही.

आई गेली तेव्हा मॅडम एसटी बदलत बदलत सास्तूरला आल्या होत्या. चुलीपाशी बसल्या, परातीत पीठ घेतलं आणि आल्यागेल्यांसाठी भाकरी थापत राहिल्या. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "कामावर कधी जाणार?" मी म्हणाले, सोमवारी. "मन ठिकाणावर नसताना पाडायचं काम एकटीनं करायचं न्हाय. काही पाडायचं असंल तर आधी मला फोन लाव." मला वाटलं, माणूस बोलायचं म्हणून बोलतो. पण त्या सगळ्या दिवसांत मी फोन लावला की पहिल्या घंटेला उचलला जायचा. "कुठं हाईस?" मी सांगायचे. "काय पाडतीस? कशापायी?" तेही सांगायचे. त्यांना माझ्या कंपनीतलं काही दिसत नव्हतं आणि त्यांनी बघायलाही मागितलं नाही. त्या फक्त ऐकायच्या. एकदा मी सांगता सांगताच थांबले, कारण माझ्याच तोंडून चुकीची जागा ऐकली. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "आता च्या पी आन् मंग बस." त्या दिवशी काही पडलं नाही, आणि माझी नोकरी राहिली.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला तयार झाले ते सांगते.

मॅडमच्या सत्कारानिमित्त आम्ही जुने विद्यार्थी हा गौरवग्रंथ काढतोय, त्यासाठी त्यांचे फोटो आणायचे होते. संपादक मंडळानं ते काम माझ्यावर टाकलं, कारण बाकीचे विद्यार्थी पुण्यापासून परदेशापर्यंत पांगलेले आणि मी तेवढी जवळची. सकाळच्या वेळी मोटारसायकलवरून मुरुमला गेले. आडतीचं दुकान कधीचंच बंद आहे, पण जिन्यात अजून तुरीचा वास येतो. वरच्या खोलीत मॅडमनी निवृत्तीनंतर सरावाचा वर्ग थाटला होता. जुनी मशीन, इन्व्हर्टर, एका रांगेत खुर्च्या. जिन्यातच मला त्यांचा आवाज ऐकू आला. "खालची पट्टी, उभी. माळाचं वावर, उभं." मला बरं वाटलं, म्हटलं पोरं आलेली दिसतात. दारात बघितलं तर चपलांचा एकच जोड.

आत मॅडम एकट्याच होत्या. एकामागून एक खळं उभं करत होत्या आणि उभं राहिलं की नाव मोठ्यानं घेत होत्या. ती आमची खळी होती. आमच्या वर्गाची, आमच्या आधीच्यांची, नंतरच्यांची. शिकताना आम्ही लिहिलेला पहिलावहिला, वेडावाकडा कोड. आम्ही परीक्षा झाल्यावर त्याच्याकडं ढुंकून पाहिलं नव्हतं.

"मॅडम, हे अजून चालतं कसं?" मी विचारलं. या धंद्यातल्यांना ठाऊक आहे की असा कोड नुसता ठेवला तर टिकत नाही. साधनांच्या नव्या आवृत्त्या निघत राहतात, जुन्या आज्ञा बंद पडतात, आणि काही वर्षांनी जुन्या कोडमधून काहीच उभं राहत नाही.

"चालवते म्हणून चालतं," मॅडम म्हणाल्या. "नवं काही आलं की एकेकाचं दुरुस्त करून ठेवते. सकाळी उभं करायचं, सांजच्याला पाडायचं. तुझं बघ."

त्यांनी चिंचेचं रान उभं करायला घेतलं. ते लगेच पडलं. त्यांनी पुन्हा आज्ञा दिली, तेव्हा उभं राहिलं. मला एकदम आठवलं. मी त्या कोडमध्ये नेटवर्क तयार होण्याची वाट न बघताच डेटाबेस मागितला होता, म्हणून ते पहिल्या खेपेला पडायचं आणि दुसऱ्या खेपेला उभं राहायचं. "एवढी दुरुस्ती केली, मग ही चूक तेवढी का ठेवली?" मी म्हणाले.

"ती तुझी हाय. म्या कशाला काढू?"

मला हसू आलं. मॅडम रोज सकाळी माझं रान दोनदा उभं करत होत्या. मी विचारलं, वर्गाला पोरं कधी येतात. त्या म्हणाल्या, आता कोण येतं. हल्ली सगळं व्हिडिओवर शिकायला मिळतं, ज्यांना शिकायचं ते बारावीनंतरच शहर गाठतात. गेल्या पावसाळ्यापासून त्या खोलीत कुणीच आलेलं नाही. "पण तुमचं चालतं ठेवलंय. कुणी आलं आन् म्हणालं, मॅडम, माझं दाखवा, तर?" मी मूर्खासारखी बोलून गेले, "कोण येणार मॅडम आता?" त्यांनी माझ्याकडं बघितलं. "इरली बिडू," त्या म्हणाल्या आणि चहा ठेवायला उठल्या.

चहा पिताना त्यांनी सांगितलं की सत्काराचा कार्यक्रम झाला की त्या सोलापूरला जाणार, भाच्याकडं. भाचा बरेच दिवस बोलावतोय. मशीन कुणाला हवी असतील तर द्यायची, नाहीतर भंगारात. "इथं बोलायला माणूस न्हाय गं," त्या म्हणाल्या. साखर जास्त झाली म्हणावं तसं म्हणाल्या. जन्मात पहिल्यांदा त्यांच्या तोंडून असं काही ऐकलं. मी फोटो न घेताच परत आले. वाटेत गाडी बाजूला लावून एका बाभळीखाली बराच वेळ बसून राहिले, आणि मला आपल्या सगळ्यांचा राग आला.

घरी येऊन मी आपल्या जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर लिहिलं. मॅडमच्या खोलीतल्या मशीनशी इंटरनेटवरून कुठूनही जोडून घेता येतं, ते मी करून देते. आठवड्यातली एक सकाळ एकेकानं घ्या, स्वतःचं खळं स्वतः उभं करा, मॅडमशी दोन शब्द बोला. एवढंच. भराभर उत्तरं आली. जोडलेले हात आले, फुलं आली, "मॅडम म्हणजे आमचं दैवत" आलं, "नक्की करू या" आलं. वार कुणीच सांगितला नाही. प्रकाशनं खासगीत फोन करून विचारलं की सत्काराला शाल कुठल्या रंगाची घ्यायची. माझं त्याच्याशी कडाक्याचं भांडण झालं, आणि हे छापून येणार आहे हे मी त्याला कळवलेलं आहे.

याच ग्रंथात तुम्ही सगळ्यांनी लिहिलेले लेख मी चाळले आहेत. मॅडमचे उपकार फिटणार नाहीत, असं जवळजवळ प्रत्येकानं लिहिलंय. मित्रहो, फेडायला सांगितलंय कुणी? मॅडमनी इथंच राहावं, आपली खोली चालू ठेवावी, असंही पुष्कळांनी म्हटलंय. मलाही आधी तसंच वाटत होतं. पण मी तिथं बसून आले आहे. रिकाम्या खुर्च्यांसाठी एका माणसाला गावात अडकवून ठेवणं हे प्रेम नाही. आपल्याला जायचं नसेल तर त्यांना खुशाल जाऊ द्यावं, आणि खोली बंद झाली म्हणून सत्काराच्या मांडवात डोळे पुसू नयेत.

पुढच्या गुरुवारी मी लॅपटॉप पिशवीत घातला आणि मुरुमला गेले. मॅडमनी कडेची खुर्ची पुसून दिली. दिवसभर मी माझं कंपनीचं काम केलं आणि त्या त्यांचं करत राहिल्या. मधेच मी वैतागून काहीतरी पुटपुटले, त्यांनी चष्म्यावरून बघितलं, "काय पडलं?" असं विचारलं, आणि मी सांगत सुटले. किती दिवसांनी मी कुणाला तरी माझं काम असं सांगत होते. दुपारी भाकरी, पिठलं आणि शेंगाची चटणी खाल्ली. संध्याकाळी त्यांनी एकेक खळं पाडलं आणि मी शेजारी उभी राहून नावं घेतली. त्यानंतरचे गुरुवारही मी गेले. सोलापूरचा बेत त्यांनी मोडलेला नाही. भाच्यानं टेम्पो सांगून ठेवलाय आणि पुस्तकं खोक्यांत भरून झाली आहेत. मी त्याबद्दल विचारत नाही, त्या सांगत नाहीत.

गेल्या खेपेला मात्र जिन्यापर्यंत सोडायला आल्या आणि म्हणाल्या, "किती दिवस येशील अशी? तुला तुझं काम हाय, संसार करायचाय." मी चप्पल घालून खाली उतरले.

मॅडम, संपादक मंडळानं शेवटी दीर्घायुष्य चिंतायला सांगितलंय. तुम्हाला निरोगी, उदंड आयुष्य लाभो, तुमच्या गुडघ्यांना जिने चढायचं बळ राहो, डोळ्यांना बारीक अक्षरं दिसत राहोत, आणि तुम्ही पंचाहत्तरीचा ग्रंथ वाचून त्यातल्या चुका काढाव्यात, हे मी अगदी मनापासून मागते. पण नुसतं लांब आयुष्य मागून मी गप्प बसले तर तुम्हाला लांब एकटेपणच मागितल्यासारखं होईल. म्हणून त्या दिवशी न दिलेलं उत्तर इथं, सगळ्यांसमोर देते. तुम्ही राहिलात तर मी मुरुमला येईन. तुम्ही गेलात तर उमरग्याहून सोलापूरला एसटी आहे, मी चौकशी करून ठेवली आहे. भाच्याला सांगा, गुरुवारी एक पान जास्त वाढायचं.